विहिरीत वीस फुटांवर पांढऱ्या चुन्याचा थर लागला, हा आला कुठून?

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. जमीन नेवासा तालुक्यात, प्रवरेपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. या उन्हाळ्यात नवी विहीर काढायला घेतली आहे. वरची काळी माती आठ-नऊ फूट निघाली. तिच्या तळाशी पांढऱ्या गाठी लागायला सुरुवात झाली, काही हरभऱ्याएवढ्या तर काही लिंबाएवढ्या. त्याखाली पिवळसर गाळ, त्यातही त्याच गाठी, आणि मधूनमधून बोटभर लांबीच्या पांढऱ्या नळ्या, आतून पोकळ. वीस फुटांवर एक सलग पांढरा पट्टा लागला, पाऊण फूट जाड. पोकलेनचा दात त्यावर घसरत होता. तो फोडल्यावर खाली नदीचे गोल गोटे आहेत, पण सुटे नाहीत. पांढऱ्या मसाल्यात पक्के बसलेले आहेत, पहारीनेही हलत नाहीत. त्यातच दोन-चार शिंपले मिळाले.

शिंपले बघून गावात एकच चर्चा, की इथे पूर्वी समुद्र होता आणि हा त्याचाच चुना. आमचे आबा म्हणतात समुद्रबिमुद्र काही नाही, हा कंकर, म्हणजे जमिनीत धरलेल्या चुन्याच्या गाठी, त्यांच्या लहानपणी नदीकाठचा कंकर बैलगाड्या भरून चुन्याच्या भट्टीला जायचा. पण तो जमिनीत कसा तयार होतो ते त्यांनाही सांगता येत नाही. सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, मग पांढरा चुना आला कुठून?

दुसरा प्रश्न पैशाचा. पोकलेन तासावर आहे. एक जण म्हणतो कंकर लागला म्हणजे पाणी नाही, दुसरा म्हणतो कंकराखालीच पाणी असतं. पुढे खणावं की थांबावं? जाणकारांनी सांगावं.

भूजलवाली

समुद्र नाही, दादा. तुमच्या आबांचं बरोबर आहे. नेवाशाखालचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि तो थिजल्यापासून तुमच्या भागावर समुद्र आलेला नाही. शिंपले नदीचे आहेत. प्रवरा-गोदावरीच्या जुन्या गाळात गोड्या पाण्यातले शिंपले ठिकठिकाणी मिळतात. धुऊन आतली बाजू बघा, अजून थोडी चमक शिल्लक असेल.

मी नोकरीची सगळी वर्षं भूजलाच्या कामात घालवली. नदीकाठच्या अशा विहिरीत उतरले की मला वर यावंसं वाटत नसे, कारण तिच्या भिंतीवर हजारो वर्षांचा पाऊसपाण्याचा हिशेब मांडलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चुना तुमच्याच दगडातून आला आहे. दगड काळा आणि चुना पांढरा म्हणून हे पटत नाही, पण बेसाल्टचं, म्हणजे याच काळ्या पाषाणाचं, पृथक्करण केलं की त्यात कॅल्शियम ऑक्साइड दहा टक्क्यांच्या आसपास निघतो. शंभर किलो पाषाणात दहा किलो, हे काही थोडंथोडकं नाही. फक्त तो मोकळा नसतो, फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांत बांधलेला असतो. त्याला सोडवायचं काम पावसाचं पाणी करतं, आणि त्यासाठी त्याला मातीची मदत लागते.

ती मदत अशी. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे ०.०४ टक्के. पण पावसाळ्यात काळी माती ओली झाली की मुळं आणि जंतू जोरात श्वास घेऊ लागतात, पालापाचोळा कुजतो, आणि मातीच्या फटींतल्या हवेत हाच वायू एक टक्क्यापर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. इतकं सौम्य की जिभेला कळणार नाही, पण दगडाला कळतं. पाषाणाच्या फटीफटींतून हे पाणी वर्षानुवर्षं मुरत राहतं, खनिजं कुजवून त्यांची माती करतं आणि कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत घेऊन निघतं. तुमची काळी माती आणि तुमचा पांढरा कंकर हे एकाच दगडाचे दोन भाग आहेत, एक जागेवर राहिला, दुसरा पाण्याबरोबर खाली गेला.

आता तो पुन्हा घट्ट का झाला? शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला जेमतेम १५ मिलिग्रॅम विरघळतं. मातीतला वायू घेऊन आलेल्या पाण्यात तेच दोनशे-तीनशे मिलिग्रॅम राहू शकतं. म्हणजे पाण्याने उचललेलं सगळं ओझं त्या वायूच्या जोरावर आहे. वायू निसटला की ओझं खाली पडतं. पाणी मोठ्या पोकळीत आलं, उघड्यावर आलं, तापलं, की वायू निसटतो. शिवाय मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे, ते गरम पाण्यात कमी विरघळतं. आंघोळीच्या बंबाला आतून जी पांढरी खपली धरते ती हीच. आणि तिसरं कारण आपल्या दुष्काळी पट्ट्यात सगळ्यात मोठं: पाणीच संपतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ऊन आणि मुळं मिळून मातीतली ओल ओढून घेतात. पाणी जातं, चुना राहतो.

आता तुमच्या विहिरीची भिंत वरून खाली बघू.

काळ्या मातीच्या तळाला गाठी लागल्या, कारण तुमच्याकडचा पाऊस जेमतेम पाचशे मिलीमीटरच्या आसपासचा, त्याची ओल साधारण काळ्या मातीच्या तळापर्यंतच जाते आणि तिथे सुकते. दरवर्षी त्याच खोलीला चुना पाण्यातून सुटून घट्ट होतो. आधी पांढरी बुरशी धरल्यासारखे धागे दिसतात, मग कणाभोवती थर चढत गाठ होते, गाठी वाढून एकमेकींना चिकटतात, आणि पुरेसा काळ मिळाला तर सलग पत्रा होतो. पाऊस जास्त तिथे हा थर खोल, कमी तिथे वर, हा जगभरच्या कोरड्या प्रदेशांतला अनुभव आहे.

पोकळ नळ्या जपून ठेवा, त्या मला सगळ्यात जास्त आवडतात. त्या झाडाच्या मुळांच्या आहेत. मूळ पाणी शोषतं पण त्यातलं सगळं कॅल्शियम घेत नाही. नको असलेलं बाहेर, मुळाच्या सालीभोवती साचत जातं. मूळ कुजून गेलं, कवच राहिलं. नळी ज्या खोलीवर मिळाली त्याच्या थोडं वर कधीकाळी जमीन होती आणि तिच्यावर झाड उभं होतं. म्हणजे तुमचा पिवळा गाळ एका पुरात आलेला नाही. पूर आला, गाळ बसला, त्यावर गवत-झाडं आली, कंकर धरला, मग पुन्हा पूर. तुमच्या भिंतीवर अशा किती जुन्या जमिनी आहेत ते गाठींच्या थरांवरून मोजता येईल.

वीस फुटांवरच्या पाऊण फुटी पट्ट्याबद्दल फोटो न बघता खात्रीने सांगणार नाही. असे सलग पट्टे दोन तऱ्हांनी होतात. एक, जुनी जमीन फार काळ पुराविना राहिली आणि गाठी जुळत गेल्या. दुसरं, भूजलाची पातळी बराच काळ तिथेच वरखाली होत राहिली आणि पाण्याच्या माथ्यावर चुना सुटत गेला. पट्ट्यात मुळांच्या खुणा, भेगा, मातीचे डाग असतील तर पहिलं. एकसारखा, वाळूचे कण पकडून बसलेला असेल तर दुसरं.

आणि ते चुन्यात बसलेले गोटे! नेवाशाच्या माणसाला हे ठाऊक हवं. १९५४ पासून पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजतर्फे नेवाशाला उत्खनन केलं. पुढे साठच्या दशकात गुद्रुन कॉर्विनस यांनी जवळच्याच चिरकी इथे खोदलं. आदिमानवाने पाषाण फोडून केलेल्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या (दगडी हत्यारं) तिथे मिळाल्या. प्रवरेकाठचे चुन्याने सांधलेले गोट्यांचे थर अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय राहिले आहेत. चुन्याने गोटे धरून ठेवले नसते तर नंतरच्या पुरांनी ते कधीच उचलून नेले असते.

खरा समुद्रातला चुनखडक बघायचा तर चंद्रपूरकडे राजुरा-कोरपना भागात जा, जिथे सिमेंटचे कारखाने आहेत. तो आपल्या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, शिंपल्यांचे जीव पृथ्वीवर यायच्याही आधीचा. तोही पाण्यातून सुटलेलाच चुना आहे, फक्त ते पाणी उथळ समुद्राचं होतं.

तुमच्या पैशाच्या प्रश्नावर वेगळं लिहिते, त्याआधी एक करा. गाठ फोडून तिची पूड करा आणि लिंबू पिळा. पट्ट्याची आणि गोट्यांमधल्या मसाल्याचीही. बुडबुडे कसे येतात ते सांगा.

गवंडीकाम

आबा म्हणतात ते भट्टीचं खरं आहे. आमच्या घरात तीन पिढ्या चुन्याचं काम. आजोबा कंकर हातात घेऊन वजनावरून सांगायचे कुठला चांगला. भट्टीत कोळसा आणि कंकर थरावर थर लावायचे. नऊशे अंशांच्या आसपास तापलं की त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. मग तो विरवायचा आणि बैलाने फिरवायच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचा.

कंकराच्या चुन्याला एक गुण आहे जो शुद्ध पांढऱ्या चुन्याला नाही. कंकरात माती मिसळलेली असते. भाजताना तिचा आणि चुन्याचा संयोग होतो, म्हणून हा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. बारव, घाट, धरण, यांना तोच लागायचा. तुमच्याच प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, तेही दगड-चुन्याचं. आता मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो आणि असा कंकर शोधत हिंडावं लागतं. ताईंनी त्या पट्ट्याचं जे सांगितलं ते वाचून बरं वाटलं, आम्हाला दगड कळतो पण तो मुळात कसा झाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

विहिरीतून निघालेला कंकर बांधावर फेकू नका. वेगळा ढीग करा.

मोसंबी_जालना

ताई, तुमचा लेख वाचून आमच्या बागेचं गणित डोळ्यांपुढे आलं. बोअरचं पाणी जड, ड्रिपर पांढरे होऊन बसतात, दर थोड्या दिवसांनी आम्ल सोडावं लागतं. झाडांची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कृषी सहायक म्हणाले मुक्त चुना जास्त आहे, मोसंबीला दहा टक्क्यांच्या आत हवा. आपण पाणी देऊन देऊन जमिनीत चुना वाढवतो का?

भूजलवाली

हो, वाढवता. हिशेब करून बघा. तुमचं पाणी लिटरला ३०० मिलिग्रॅम चुना सोडू शकणारं असेल आणि एकराला एक इंच पाणी दिलं, तर ते होतं साधारण एक लाख लिटर. ते सगळं जमिनीतच सुकलं तर एका पाळीला तीस किलोपर्यंत चुना मागे राहतो. ठिबकने पाणी कमी लागतं म्हणून चुनाही कमी येतो, पण तो सगळा झाडाच्या बुडाशी, मुळांच्याच जागी साचतो.

पानं पिवळी पडतात ती लोहाअभावी. आपल्या काळ्या जमिनीत लोह ढिगाने आहे, पण चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) आठच्या वर जातो आणि ते लोह मुळांना घेता येत नाही. उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी होतात, तोही पुष्कळदा यामुळेच. हिराकसची (लोहाच्या सल्फेटची) फवारणी पानांना तात्पुरता आधार देते, मातीतलं मूळ कारण तसंच राहतं. शेणखत, हिरवळीची खतं वाढवा. जंतू वाढले की मातीतला तोच वायू वाढतो, आणि थोडा चुना पुन्हा विरघळतो.

त्याहून मोठी काळजी सोडियमची आहे. पाण्यातून कॅल्शियम चुन्याच्या रूपात आधी खाली बसतं, सोडियम मात्र विरघळलेलंच राहतं. त्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचा वाटा वाढत जातो आणि जमीन चोपण व्हायला लागते. भेगा कमी, निचरा बंद, पाऊस वरच साचतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या काळ्या जमिनींवर हे काम केलं आहे: खालच्या थरात चुना वाढणं आणि तिथेच सोडियम वाढणं हातात हात घालून चालतं. लोणारच्या सरोवरात याचं टोक दिसतं. तिथेही पाणी बेसाल्टमधूनच येतं, बाहेर जायला वाट नाही, कॅल्शियम चुना होऊन खाली बसलं, आणि मागे उरलेलं पाणी इतकं खारट-अल्कधर्मी की सामू दहाच्या आसपासही मोजला गेला आहे. तुमच्या बागेतलं पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या, आणि अहवालात फक्त क्षार बघू नका, सोडियमचं प्रमाण बघा.

देवगडकर

आमच्याकडे दगड तोच, मग कंकर का नाही, हा प्रश्न मला कॉलेजपासून होता. आता लक्षात आलं. कोकणात अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस. सुटलेलं कॅल्शियम जमिनीत थांबतच नाही, वहाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. मागे उरतं ते न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणजे आमचा जांभा. बरोबर ना, ताई?

पण चुन्याचा दगड आमच्याकडेही आहे, किनाऱ्यावर. करल म्हणतात. शिंपल्यांचा चुरा आणि वाळू, एकमेकांना चिकटून खडक झालेला. आमच्या आजोळी किनाऱ्याजवळ त्याचे थर उघडे पडलेले आहेत. त्यात शिंपले नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

भूजलवाली

अगदी बरोबर, आणि फार छान मांडलंत. घाटाच्या दोन बाजूंना एकच दगड, पण पाऊस वेगळा म्हणून एकीकडे जांभा, दुसरीकडे कंकर. करलातला चुना मात्र दगडातून थेट आलेला नाही. तुमच्या वहाळांनी समुद्रात नेलेलं कॅल्शियम शिंपल्यांच्या जिवांनी अंगावर घेतलं, ते मेले, चुरा किनाऱ्यावर साचला. मग पावसाच्या पाण्याने त्यातले काही कण विरघळवले आणि शेजारच्या कणांच्या सांध्यात पुन्हा सोडले. चिकटवणारं काम शेवटी पाण्यानेच केलं.

प्रवराकाठ

ताई, लिंबू पिळून बघितलं. गाठींची पूड चांगली फसफसली, पट्ट्याची त्याहून जास्त, गोट्यांमधला मसालाही फसफसला. पण जुन्या विहिरीच्या काढलेल्या दगडात पांढरे चकचकीत खडे आहेत, पंख्यासारखे पसरलेले. त्यांची पूड करून लिंबू पिळलं तर काहीच नाही. तो चुना नाही का? आणि शिंपल्यांना आतून चमक आहे, तुम्ही म्हणालात तशी. आबांना दाखवली.

भूजलवाली

तो चुना नाही, झिओलाइट नावाचं खनिज असावं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या दगडात त्या भरपूर असतात. पुढे गरम पाणी त्यांतून फिरलं आणि भिंतींवर स्फटिक धरले. काही पोकळ्यांत कॅल्साइटही असतं, ते फसफसतं. तेव्हा पांढरं दिसलं की चुना असं धरून चालू नका, लिंबू हाताशी ठेवा. पाणी दोन्हीकडे आहे, पण झिओलाइटला लाव्ह्याची ऊब लागली, तुमच्या कंकराला नुसता पाऊस आणि ऊन पुरलं.

आता विहीर. कंकर लागला म्हणजे पाणी नाही, हे खरं नाही. कंकराखाली पाणी असतंच, हेही खरं नाही. नदीच्या गाळात पाणी राहतं ते वाळू आणि गोट्यांमधल्या मोकळ्या जागेत. तुमच्या गोट्यांमधली ती जागा चुन्याने बुजवली आहे, म्हणून तो थर जितका पक्का तितकं पाणी कमी. पण सगळीकडे तो सारखा पक्का नसतो. खाली किंवा बाजूला सुटे गोटे असू शकतात, भेगांतून पाणी येऊ शकतं, आणि गोट्यांच्या तळाशी जिथे काळा पाषाण सुरू होतो त्या सांध्यावर ओल हमखास तपासावी. म्हणून पोकलेन तूर्त थांबवा. तळातून एक लहान बोअर घ्या, पाषाणात आठ-दहा फूट जाईपर्यंत. त्याचा खर्च पोकलेनच्या मानाने कमी येईल. सुटे गोटे किंवा मांजऱ्या लागला आणि पाणी वर चढलं तर खणा. पक्का पाषाण कोरडा लागला तर त्या जागी आणखी पैसे घालू नका.

वरच्या पिवळ्या गाळाला बांधणी केल्याशिवाय माणसं खाली उतरवू नका. कंकराचा पट्टा मजबूत दिसतो, पण त्याच्या वरची-खालची माती पहिल्या पावसात ढासळते. असे अपघात मी बघितले आहेत.

आणि गोट्यांचा थर काढताना एक माणूस ढिगाऱ्यापाशी बसवा. गोल गोट्यांत एखादा दगड दोन्ही बाजूंनी टवके काढलेला, धारदार कडेचा, तळहातात बसणारा दिसला, तर तो धुऊ-घासू नका. जिथून निघाला ती खोली लिहा, मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.